नळदुर्ग ते सोलापूर, एकतीस मिनिटं

नळदुर्गातून सोलापूरकडं निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला एक वजनकाटा लागतो. उसाचे ट्रॅक्टर, कांद्याचे ट्रक, सोयाबीनचे टेम्पो लोखंडी पाटावर चढतात, केबिनमधले लाल आकडे थांबले की पावती मिळते आणि गाडी उतरून वाटेला लागते. पावती देणारा माणूस म्हणजे अण्णाराव. वय एकसष्ट, अंगानं वाळका, बोलायला तिखट. काट्याचा मालक सोलापुरात, पंचवीस वर्षांवर काटा सांभाळतोय अण्णाराव. पण त्याला कुणी विचारलं, काय करता हो तुम्ही, तर तो काट्याचं नाव काढायचा नाही. "आमी पेशंट नेतो," म्हणायचा.

आणि ते खरंच होतं. आसपासच्या चार-पाच गावांत कुणाच्या छातीत कळ आली, कुणाला पान लागलं म्हणजे साप चावला, कुणी बाळंतीण अडली, की फोन अण्णारावला. आता ॲम्ब्युलन्सही येते, पण लोकांना सवय अण्णारावची. पैसे घ्यायचा नाही, पेट्रोल भरलं तर भरलं. त्याची गाडी म्हणजे जीप किंवा मोठी व्हॅन नव्हे बरं का! बारकी, बुटकी, पळणारी गाडी. पेशंटला पाय धड लांब करता येत नाहीत अशी. लोक म्हणायचे, अण्णा, जरा ऐसपैस घ्या की एखादी. तो उखडायचा. "तुला झोपायला न्यायचंय का जगवायला? ऐसपैस म्हणजे वजन. वजन म्हणजे उशीर."

या वेडाला सुरुवात झाली त्याच्या आईपासून. अठ्ठ्याण्णव साली धुरपताबाईला शेतात नाग चावला. गावातून सोलापूरला जायला एक काळीपिवळी जीप. तिच्यात आधीच अकरा माणसं. इटकळला दोन उतरली, तीन चढली. चढावर जीप धापा टाकायला लागली. बोरामणीच्या अलीकडं धुरपताबाईचं डोकं अण्णारावच्या मांडीवर जड झालं. त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, थांबव आता, घाई नाही. त्या दिवशी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली, की गाडीत दम नव्हता म्हणून आई गेली.

पुढच्याच वर्षी त्यानं जुन्या बाजारातून झेन आणली. घरात बायको हरणाबाईच्या अंगावर मणी सोडून काही राहिलं नाही, पण तिनं तोंडातून शब्द काढला नाही. गाडी आल्या आल्या त्यानं ती काट्यावर चढवली. सातशे पंचेचाळीस किलो. इंजिनाची ताकद पन्नास घोडे. मग त्यानं शंभर पानी वही घेतली आणि पानावर तीन रेघा मारून लिहिलं: ताकद, वजन, वेग. चौथ्या घरात लिहिलं: टनामागं घोडे. पन्नास घोड्यांना पाऊण टन ओढायचा, म्हणजे टनामागं सदुसष्ट. सातवी नापास माणूस, पण हा भागाकार त्यानं असा घोटला की कॉलेजातली पोरं गप बसावीत.

झेननं सोलापूरला पंचावन्न मिनिटं लागायची. रस्ता तेव्हा एकेरी, समोरून हैदराबादचे ट्रक. सहा-सात वर्षांनी झेन गेली आणि सोळाशेची पालिओ आली. शंभर घोडे! अण्णाराव आठवडाभर हवेत होता. पण काट्यावर चढवली तर एक हजार ऐंशी. त्याचं तोंड उतरलं. ताकद दुप्पट झाली, पण वजनही तीनशे पस्तीस किलोनं चढलं, आणि टनामागं घोडे आले फक्त त्र्याण्णव. "हे बघा, एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं," तो काट्यावर येणाऱ्या ड्रायव्हरांना सांगत बसायचा. तरी चव्वेचाळीस मिनिटांवर आला. पालिओचे सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा टर्बोची जुनी पोलो घेतली. एकशे पाच घोडे, अकराशे पंधरा किलो, टनामागं चौऱ्याण्णव. बारा वर्षांत फक्त एका घोड्याची भर! पण टर्बोमुळं ती खालूनच ओढायची, गिअर कमी बदलावे लागायचे, आणि तोवर रस्ताही चौपदरी झालेला. छत्तीस मिनिटं. एकदा, पहाटे, तेहतीस.

स्वतःच्या गाडीवर तो थांबला नाही. काट्यावर कुणाचीही पळणारी स्वस्तातली गाडी आली की हा केबिनमधून बाहेर. "साहेब, दोन मिनिटं. फुकट वजन करून देतो." स्विफ्टच्या तीन पिढ्या त्यानं तोलल्या होत्या. जुनी दहा टक्के जड, नवी हलकी, हे त्याला लई आवडायचं. "ही एकच गाडी बघा, नवी आली की वाळते. बाकीच्या सगळ्या लग्नानंतर सुटल्यागत सुटतात."

पेशंट नेताना मात्र हाच माणूस कसाई व्हायचा. आपल्याकडं कसं असतं, पेशंट एक आणि गाडीत बसायला नऊ. आत्या म्हणते मी येणार, चुलता म्हणतो मी येणार, कुणी गोधडी आणतंय, कुणी पाण्याची कळशी, कुणी शेजारणीला हाका मारतंय. अण्णाराव सेल्फला हात घालून ओरडायचा, "पेशंट आन् एक माणूस! एक माणूस म्हणजे साठ किलो! खाली उतरा!" जळकोटच्या बाजूला एकदा त्यानं बाळंतिणीच्या सासूला दंडाला धरून खाली उतरवलं होतं. ती म्हातारी अजून त्याला शिव्या घालते. सून वाचली नाही तेव्हा म्हणाली, मी असते तर वाचली असती. अण्णारावनं त्याची फिकीर केली नाही. त्यानं वहीत लिहिलं: अडतीस मिनिटं, मयत.

हो, वहीत तेही होतं. मागच्या पानांवर एकेक फेरी, तारीख आणि मिनिटं. मिनिटं मोजायची पद्धत ठरलेली. सेल्फ मारला की घड्याळ सुरू, हॉस्पिटलच्या फाटकात बंद. शेवटी लिहायचं, वाचला किंवा मयत. एकशे बारा फेऱ्या झाल्या होत्या. त्यातल्या पन्नासच्या पुढं मयत लिहिलं होतं. पंचावन्न मिनिटांची छत्तीस झाली तरी मयतांचा आकडा काही हलला नव्हता. अण्णाराव म्हणायचा, अजून दम पाहिजे. हरणाबाई कधीमधी म्हणायची, "अहो, तुमचं वय झालं. आता कुणीतरी दुसरा करील." तो म्हणायचा, "कोण करील? सांग, कोण?"

गेल्या फाल्गुनातला रविवार. भूम तालुक्यातल्या ईटचा अमरसिंह, चाळीस एकरांचा धनी, पस्तिशीचा गडी, त्यानं नवी टर्बो गाडी घेतली होती. एकशेवीस घोडे. गाडीची पूजा करायला तुळजापूरला आला होता आणि तिथं कुणीतरी त्याला सांगितलं, नळदुर्गला एक म्हातारा हाय, तो खरं सांगतो, कंपनी काय बी लिहू दे. तसा तो दोन मित्रांना घेऊन, पुढं हार लटकवून, पावणेअकराच्या सुमाराला थेट काट्यावर आला. अण्णारावला आकाश ठेंगणं झालं. एकशेवीस घोडे त्याच्या पाटावर पहिल्यांदाच उभे राहणार होते. घर काट्याच्या मागंच, हाकेच्या अंतरावर. तो तिथूनच ओरडला, "अगं, तीन पाव्हणं हायेत! मटण टाक!"

घरात हरणाबाई ओट्याला टेकून उभी होती. सकाळी धुणं धुताना तिच्या पाठीत कळ आली होती, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. मग ती जबड्यात आली. तिला वाटलं पित्त. शेजारची सिद्धम्मा, अक्कलकोटकडची, दळण घेऊन आली होती. तिनं हरणाबाईचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "अगं बाई, तोंड पांढरं पडलंय तुझं. अण्णांना बोलाव." हरणाबाई म्हणाली, "पाव्हणं आल्यात. जाऊ दे, लिंबू पिते." तरी जिवाला बरं वाटेना, म्हणून अकराला दहा कमी असताना ती दारात आली आणि हाक मारली. "अहो, जरा इकडं येता का?"

"आलो!" अण्णाराव म्हणाला. पण तो आला नाही. काट्यावर आकडा थांबला होता अकराशे साठवर, आणि अमरसिंह मानायला तयार नव्हता. "कंपनी अकराशेच्या आत सांगते, अण्णा. तुमचा काटा खराब हाय." अण्णारावच्या काट्याला खराब म्हणणं म्हणजे काय, हे त्या बापड्याला ठाऊक नव्हतं. अण्णाराव पेटला. "माझा काटा खराब? डिकी उघड!" डिकीत नारळांचं पोतं, कुंकवाच्या पुड्या, दोन पाण्याचे कॅन, प्रसादाचे पेढे. "हे काय इंजिनात बसवून दिलंय का कंपनीनं? उतरव सगळं!" मग पोतं उतरलं, कॅन उतरले, स्टेपनी काढली. पुन्हा चढवली. अकराशे दहा. मग पेट्रोल किती, टाकी भरलेली का अर्धी, यावर वाद. सगळे हसत होते. अण्णाराव इतका खूश कधी नव्हता, त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

सिद्धम्मा काट्यापर्यंत आली. "अण्णा, हरणा बोलावती जरा."

"जेवण झालं म्हणती का? सांग तिला, एवढी पोलो बी चढवतो आन् येतोच. दोन्ही शेजारी तोलू दे." तो तिच्याकडं बघत नव्हता, आकड्याकडं बघत होता. सिद्धम्मा परत गेली. परक्या बाप्यांसमोर जास्त काय बोलणार ती? तिनं ओट्यापाशी जाऊन स्वतःच भाकरीचं पीठ मळायला घेतलं, तर हरणाबाईनं तिच्या हातातून परात ओढून घेतली. माझ्या घरात पाव्हणं असताना शेजारीण भाकऱ्या थापती, असं गाव म्हणेल, म्हणाली.

एक वाजता ओसरीवर पंगत बसली. अण्णाराव पाव्हण्यांना वही दाखवत होता, पहिल्या पानापासून. झेन, सदुसष्ट. पालिओ, त्र्याण्णव. पोलो, चौऱ्याण्णव. आणि आता ही तुझी, एकशे आठ. "पंचवीस वर्षांत चाळीस घोडे वाढले बघ टनामागं. माझ्या आईच्या टायमाला ही गाडी असती तर..." त्यानं वाक्य तिथंच सोडून पुढचं पान उलटलं. मग अमरसिंहाच्या ताटात भाकरी संपली. नवी यायला वेळ लागला. अण्णारावनं आत तोंड करून आवाज चढवला, "अगं भाकरी! पाव्हणं हात धरून बसल्यात!"

भाकरी आली. हरणाबाईनं स्वतः आणून वाढली, पदर ओढून, एक हात चौकटीला धरून. अमरसिंहाला वाटलं, वहिनींना घाम लई आलाय. त्यानं ते बोलून दाखवलं नाही. परक्या घरातल्या बाईच्या तोंडाकडं बघून बोलायचं म्हणजे बरं दिसत नाही. अण्णारावनं तर वर बघितलंच नाही. तो पेट्रोलचा हिशेब सांगत होता, लिटरमागं पाऊण किलो.

पाव्हण्यांनी हात धुतले, सुपारी फोडली. पावणेदोनला आतून भांडी पडल्याचा आवाज आला आणि मागोमाग सिद्धम्माची किंकाळी. अण्णाराव आत धावला. हरणाबाई ओट्याखाली भिंतीला टेकून बसली होती, डोळे उघडे, ओठ निळे. त्याला बघून तिनं विचारलं, "जेवलं का समदी?"

मग जे काही झालं ते अण्णारावच्या शंभर-सव्वाशे फेऱ्यांतलं सगळ्यात नेटकं काम होतं. अमरसिंह म्हणाला, "माझी गाडी घ्या, अण्णा, एकशेवीस घोडे हायेत." अण्णारावनं एका क्षणात ठरवलं. नवी गाडी, नवा क्लच, हाताला सवय नाही, टायर अजून कोरे. "न्हाय. माझीच." सिद्धम्मा मागं बसली, हरणाबाईचं डोकं मांडीवर घेऊन. पेशंट आणि एक माणूस. अमरसिंह पुढं बसू म्हणाला तर त्यालाही ढकलून दिलं. सेल्फ मारला. घड्याळ बघितलं. एक पन्नास.

इटकळ कधी गेलं कळलं नाही. तांदूळवाडीला एक ट्रॅक्टर उलट्या बाजूनं येत होता, त्याला चकवून गाडी सरळ झाली तेव्हा वेगाचा काटा एकशे पन्नासवर होता. बोरामणीचा तो तुकडा, जिथं आई गेली होती, तिथं त्यानं पाय जराही सैल केला नाही. मागून हरणाबाईचा श्वास ऐकू येत होता. श्वास आहे तोवर आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं. सोलापूरच्या चौकात त्यानं हॉर्न सोडलाच नाही. फाटकात शिरला तेव्हा दोन एकवीस. एकतीस मिनिटं. इतक्या वर्षांत कधीच झाली नव्हती. आणि त्याला, लाज वाटते सांगायला, पण त्याला क्षणभर आनंद झाला. वाचली, असं त्याला वाटलं.

आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं वेळ घालवला नाही, पटापट वायरी लावल्या, कागद बघितला आणि मागं न वळता विचारलं, "त्रास कधी सुरू झाला?"

"आत्ताच. पावणेदोनला," अण्णाराव म्हणाला.

"न्हाय," सिद्धम्मा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "साडेधा वाजल्यापासनं व्हतं. पाठीत, मग जबड्यात. म्या बोलवाया आले व्हते, अण्णा."

डॉक्टरीण अण्णारावकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "सकाळीच आणायला हवं होतं, काका," एवढंच म्हणाली. "आम्ही करतोय. पण खूप उशीर झालाय." चार वाजून दहा मिनिटांनी तिनं बाहेर येऊन हात जोडले.

अण्णाराव बाकड्यावर बसला होता. डोळ्यांत पाणी नव्हतं. त्याच्या डोक्यात एकेक फेरी मागून पुढं यायला लागली, आणि यावेळी ती सेल्फच्या आधीची होती. जळकोटची ती बाळंतीण, जिचा नवरा बार्शीहून येईस्तोवर तिला हलवायचं नाही म्हणून पहाटेपासून थांबले होते. तो म्हातारा, ज्याच्या छातीत दुखतंय हे त्यानं वेचणी संपेपर्यंत सुनेला सांगितलं नव्हतं. विष प्यालेलं ते पोरगं, ज्याला मीठपाणी पाजत घरात ठेवलं होतं, चारचौघात कळू नये म्हणून. आणि आई. आईला नाग चावला दुपारी एक वाजता. जीप निघाली साडेतीनला. मधले अडीच तास तिला मारुतीच्या देवळात बसवून कडुनिंबाचा पाला खायला घातला होता, कडू लागतोय का, म्हणजे विष चढलंय का, ते बघायला. पाला आणायला झाडावर चढला होता अण्णारावच. पंचवीस वर्षं हे त्याला एकदाही आठवलं नव्हतं. तो जीपलाच शिव्या देत राहिला.

कसली वही आणि कसले घोडे! तीन गाड्या बदलून त्यानं चोवीस मिनिटं वाचवली होती. दारात मात्र तास न् तास जात होते आणि त्यावर त्यानं कधी नजर टाकली नव्हती. आता कळून काय उपयोग? आता कुणाला सांगायचं, आणि सांगितलं तरी ऐकणार कोण? पाव्हणं आले की बाई उद्याही भाकऱ्याच थापणार. हरणाबाईनं हाक मारली होती. मोठ्यानं मारली नव्हती एवढंच.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली. घरापुढं मांडव, खाली सतरंजी, माणसं येऊन बसत होती. लेक राजनंदिनी पुण्याहून आली होती, ती आत बायकांत होती. अमरसिंहही आला, पांढऱ्या कपड्यांत, मान खाली घालून. मग इटकळचा एक जण म्हणाला, अण्णांनी आमच्या तात्याला वाचवलं होतं, असा माणूस होणे नाही. दुसरा म्हणाला, देवाची मर्जी, अण्णाच्या हातात होतं तेवढं त्यानं केलं. बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या.

अमरसिंहाला राहवलं नाही. त्याचे डोळे भरले होते. "तुमी काय कमी केलं न्हाय, अण्णा," तो म्हणाला. "म्या मागनं निघालो व्हतो माझ्या गाडीनं. एकशेवीस घोडे असून मला चाळीस लागली. तुमी एकतीस मिनिटांत न्हेलं वहिनींना. एकतीस! कुणाच्या बापाला जमणार न्हाय."

"तीन तास एकतीस मिनिटं," अण्णाराव म्हणाला.

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, असं कुणीतरी हळूच म्हणालं. अमरसिंह समजावणीच्या सुरात पुढं झुकला. "न्हाय अण्णा, तुमी निघालात तवा म्या घड्याळ बघितलं व्हतं. एक पन्नास झाले व्हते."

"तुमी निघाल्यापासनं धरताय," अण्णाराव म्हणाला. "तिनं दारातनं मला हाक मारली, तितनं धरा."